व्हायोलिन खाली ठेवलेला माणूस

दिवाळी अंकातल्या सदरासाठी काहीतरी खमंग लिहा, असा संपादकांचा निरोप आला आणि मी विषय शोधू लागलो. खमंग विषय काही सापडेना. पण त्याच आठवड्यात एका वाचकांचे पत्र आले आणि त्या पत्राने माझा विषय ठरवून टाकला.

पत्र लिहिणारे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा धाकटा मुलगा वयाच्या आठव्या वर्षापासून व्हायोलिन शिकतो आहे. गुरुजी जुन्या वळणाचे. पहाटे उठून तासभर नुसते लांब गज ओढायचे, मग पलटे आणि त्यानंतर कुठे राग. बारा वर्षे हे व्रत चालले. आता या चिरंजीवांनी एका ऑर्केस्ट्रात वाजवायला सुरुवात केली आहे. लग्नाचे स्वागतसमारंभ, गणेशोत्सवातले कार्यक्रम, हॉटेलातल्या मेजवान्या. चार पैसे घरात येतात. आईला वाटते, पोर मार्गी लागले. गुरुजींनी बोलणे टाकले आहे. वडील बिचारे मध्ये सापडले आहेत. ते विचारतात, "इतक्या वर्षांची विद्या पाण्यात गेली असे समजू, की कामी आली असे समजू?"

असल्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देणारे लोक पुष्कळ असतात. कुणी म्हणेल, कला ती कला, तिचा बाजार मांडू नये. कुणी म्हणेल, अहो, पोट भरल्याशिवाय कसली कला? मला मात्र पत्र वाचता वाचता एक माणूस आठवला. याच प्रश्नाच्या चौकटीत तो उभे आयुष्य वावरला, त्यात भरपूर पैसा आणि कीर्ती मिळवली, आणि आपण काय दिले व काय घेतले हे त्याने कधी लपवले नाही. त्याचे नाव शावियेर कुगात. अमेरिकन लोक त्याला झेवियर कूगाट म्हणत. आज त्याचे नाव फारसे कानावर येत नाही. पण रुंबा, काँगा, माम्बो, चा-चा-चा हे शब्द ज्यांनी साता समुद्रांपलीकडे घरोघरी नेले, त्यांच्यात हा पहिल्या रांगेतला.

कुगातचा जन्म स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतातल्या जिरोना या गावी, १ जानेवारी १९०० रोजी. म्हणजे शतकाच्या बरोबरीने त्याचे वय मोजावे. तो लहान असतानाच कुटुंब क्यूबाला गेले आणि हवाना शहरात स्थायिक झाले. पोराच्या हाती व्हायोलिन आले ते तिथे. शिक्षण सगळे युरोपीय अभिजात पद्धतीचे. किशोरवयातच तो हवानाच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला.

पण हवाना हे गाव असे, की तिथे व्हायोलिन केवळ नाट्यगृहात कोंडून राहिलेले नव्हते. आपल्याकडे हार्मोनियम जशी नाटकातून भजनात आणि भजनातून तमाशात सहज गेली, तसे तिथे व्हायोलिनचे झाले होते. मातान्सास या गावी १८७९ साली मिगेल फाइल्दे याने 'दान्सोन' नावाचा नाच पहिल्यांदा वाजवला. त्या नाचाचे बूड युरोपातल्या दरबारी नृत्यात आणि ठेका आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा. पुढे हा दान्सोन वाजवणारे जे ताफे निघाले, त्यांना 'चारांगा' म्हणतात. एक बासरी, दोन-तीन व्हायोलिने, पियानो, मोठे बास, धातूचे ढोल आणि खाचा पाडलेला वाळका भोपळा. त्या भोपळ्यावर काडी घासून खर्रर्र-खट असा आवाज काढायचा. या संगतीत व्हायोलिनवाल्याला दोन कामे. सूर गोड लावायचा, आणि तोच सूर तुटक-तुटक, ठेक्याला धरून, पुन्हा पुन्हा म्हणून नाचणाऱ्यांचे पाय हलवायचे. दिवसा अभिजात संगीताचा गज ओढणारा मुलगा रात्री खिडकीतून हे सगळे ऐकत मोठा झाला.

६ जुलै १९१५ रोजी कुगात कुटुंब बोटीने न्यू यॉर्कला उतरले. पंधरा वर्षांच्या शावियेरच्या डोळ्यांपुढे एकच स्वप्न होते. मोठा व्हायोलिनवादक व्हायचे. सुरुवात तशी बरी झाली. त्या काळचा गायकांचा राजा एन्रिको कारूसो याच्या मैफलींत त्याला एकट्याने व्हायोलिन वाजवण्याची संधी मिळाली. कारूसोला व्यंगचित्रे काढण्याचा नाद होता, आणि हात चांगला बसलेला होता. त्याने या पोराला चार रेषांत माणूस पकडण्याची युक्ती शिकवली. गाण्याच्या संगतीत मिळालेली ही चित्रकलेची दीक्षा पुढे कशी उपयोगी पडली, ते येईलच.

कुगातने कार्नेगी हॉलमध्येही वाजवले. पण नाव झाले नाही. त्यात २७ ऑक्टोबर १९१७ रोजी त्याच कार्नेगी हॉलमध्ये यशा हायफेट्झ नावाचा सोळा वर्षांचा मुलगा रशियातून येऊन वाजवून गेला. ज्यांनी त्या दिवशी ऐकले, त्यांच्यात व्यवसायाने व्हायोलिनवादक असलेले पुष्कळ होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना घरी जाताना घाम फुटला होता. हायफेट्झ कुगातपेक्षा वयाने वर्षभर लहान! चांगले वाजवणे आणि असे वाजवणे यांत काय अंतर असते, हे तेव्हा न्यू यॉर्कमधल्या प्रत्येक व्हायोलिनवाल्याला कळून चुकले.

मध्यमवर्गीय घरात कलेची जी शोकांतिका घडते, ती इथेच. मुलगा वाईट वाजवत नसतो. तो चांगले वाजवतो. शिक्षक शाबासकी देतात, नातेवाईक टाळ्या वाजवतात. पण सभागृह तिकिटे काढून भरते ते दहा-वीस जणांसाठी, आणि हा असतो शंभरावा. शंभराव्या माणसाने पुढे काय करायचे, हे कोणत्याही संगीतविद्यालयाच्या अभ्यासक्रमात नसते.

कुगातने व्हायोलिन पेटीत ठेवले, पश्चिमेला लॉस एंजलिसला गेला आणि तिथल्या 'लॉस एंजलिस टाइम्स' या दैनिकात चक्क व्यंगचित्रकार म्हणून नोकरी धरली. चित्रकला त्या घरात होतीच म्हणायची. त्याचा भाऊ फ्रान्सिस चांगला चित्रकार. स्कॉट फिट्झजेराल्ड याची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १९२५ साली निघाली, तिच्या वेष्टनावर निळ्याशार रात्रीत तरंगणारे दोन उदास डोळे आहेत. ते चित्र या फ्रान्सिस कुगातचे.

व्यंगचित्रकाराची नोकरी कुगातने फार दिवस केली नाही, पण मला वाटते, त्याच्या संगीताची किल्ली तिथेच आहे. व्यंगचित्र म्हणजे काय? माणसाच्या चेहऱ्यावर हजार बारकावे असतात. त्यांतले नऊशे नव्वद सोडून द्यायचे. नाक, भुवई, ओठाचा एक कोपरा, एवढेच ठेवायचे आणि थोडे वाढवायचे. कुणीही पाहिले की लगेच म्हणतो, "अरे, हा तर अमुक!" ओळख पटते, गंमत वाटते, संपूर्ण माणूस मात्र त्यात नसतो. कुगातने पुढे तीस-चाळीस वर्षे क्यूबाच्या संगीताचे हेच केले.

एकोणीसशे वीसच्या दशकात टँगोची लाट होती. कुगातने एक छोटा टँगो-ताफा जमवला. लॉस एंजलिसमधल्या अँबॅसडर हॉटेलात 'कोकोनट ग्रोव्ह' नावाचा मोठा नाचघर-विभाग होता. तिथे तो वाजवू लागला. मग एप्रिल १९३० मध्ये दोन आस्पियासू याचा हवानाचा ताफा न्यू यॉर्कच्या रंगमंचावर आला, आणि 'शेंगदाणेवाल्या'चे ते प्रसिद्ध गाणे अमेरिकेने डोक्यावर घेतले. त्या ताफ्याबरोबर क्यूबाची तालवाद्ये ब्रॉडवेच्या प्रेक्षकांनी समोर पाहिली. अमेरिकनांना रुंबाचे वेड लागले. त्या वेडाच्या भरात त्यांनी रुंबाच्या स्पेलिंगात एक जादा 'एच' घुसवला, आणि त्या नावाखाली जे संगीत ते नाचू लागले ते खऱ्या अर्थाने रुंबा नव्हतेच. खरी रुंबा हवाना आणि मातान्सासच्या गरीब वस्त्यांतली. ढोल, लाकडी खोकी आणि गळा, एवढ्यावर उभी. हॉटेलात वाजत होता तो 'सोन' आणि 'बोलेरो', म्हणजे त्या मानाने सौम्य, शहरी प्रकार.

तरी त्या सौम्य प्रकारातही एक अडचण होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचकांनी हा प्रयोग स्वतः करून पाहावा. त्रितालाच्या मोजणीने, थोड्या चढ्या लयीत, एक ते सोळा मोजा. मोजता मोजता फक्त पाच ठिकाणी टाळी द्या: १, ४, ७, ११ आणि १३. पहिल्या आठात तीन टाळ्या, पुढच्या आठात दोन. पुन्हा पुन्हा म्हणा. हा झाला क्यूबाचा 'क्लावे'. तो कठीण लाकडाच्या दोन टिपऱ्यांवर वाजवतात, आणि बाकी सगळे वादक, दिसो वा न दिसो, त्याच्याभोवती फिरत असतात. सरळ चार-चार मात्रांवर पाऊल टाकणाऱ्या माणसाचे पाय १, ५, ९ आणि १३ वर पडणार. म्हणजे पाच टाळ्यांपैकी पहिली आणि शेवटची एवढ्याच त्याच्या पायाशी जुळतात. मधल्या तीन त्याला हुलकावणी देऊन जातात. आपल्याला तिहाईची सवय, आपण गालात हसतो. वॉल्ट्झ नाचलेल्या अमेरिकन बाईसाहेब मात्र नवऱ्याच्या बुटावर पाय देतात.

१ ऑक्टोबर १९३१ रोजी न्यू यॉर्कमध्ये पार्क अॅव्हेन्यूवर नवे वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेल उघडले. भयंकर मंदीचे दिवस. पण श्रीमंत लोक मंदीतही नाचतात. तिथे कुगातला जागा मिळाली, आणि पुढे सोळा वर्षे तो त्या हॉटेलचा मुख्य वाद्यवृंदनायक होता. त्याच्यापुढे प्रश्न साधा होता. समोरच्या माणसाचे पाऊल चुकता कामा नये आणि आपण काहीतरी परदेशी, गरम रक्ताचे नाचतो आहोत असे तर वाटले पाहिजे. त्याने क्लावे आणि खुळखुळे, म्हणजे माराकास, ठेवले, पण ते मागे ढकलले. पुढे आणली व्हायोलिने, अॅकॉर्डियन आणि मारिंबा. लय किंचित संथ केली. चाल स्पष्ट, मधाळ ठेवली. वाद्ये अशी मांडली, कपडे असे झगझगीत दिले आणि गाणाऱ्या बाया अशा निवडल्या, की कान गोंधळला तरी डोळा तृप्त व्हावा. त्याचे म्हणणे असे, की अमेरिकन माणसाला हे संगीत कळत नाही. म्हणून त्याला ऐकण्यासारखे थोडे आणि पाहण्यासारखे फार द्यावे. प्रमाणही तो सांगे: ऐंशी टक्के डोळ्यांना, उरलेले कानांना. पुढे पुढे तर एका हातात छडी आणि दुसऱ्या हातात इवलेसे चिवावा जातीचे कुत्रे घेऊन तो वाद्यवृंद चालवी. ज्या हातात एकेकाळी व्हायोलिनची मान असे, त्या हातात आता कुत्रे! हसावे की हळहळावे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

नशिबाचीही साथ होती. डिसेंबर १९३४ मध्ये अमेरिकन नभोवाणीवर 'लेट्स डान्स' हा शनिवार रात्रीचा तीन तासांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन ताफे आळीपाळीने वाजवीत: केल मरेचा गोडगोड ताफा, बेनी गुडमनचा स्विंग आणि कुगातचा लॅटिन. या कार्यक्रमाने गुडमन पुढे जगप्रसिद्ध झाला हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच कार्यक्रमाने दूरदूरच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरांत रुंबाही पोचवली. नंतर १९४१ साली गीतकार-संगीतकारांच्या मोठ्या संघटनेचा आणि नभोवाणी कंपन्यांचा मानधनावरून तंटा झाला, आणि सुमारे दहा महिने त्या संघटनेची गाणी नभोवाणीवरून हद्दपार झाली. मग वाजवायचे काय? दक्षिणेकडची गाणी त्या संघटनेच्या कक्षेबाहेर होती. कुगातच्या पोतडीत ती भरलेलीच होती! त्याची 'पर्फिडिया'ची ध्वनिमुद्रिका १९४० साली गाजली होती; १९४३ मध्ये 'ब्राझील' विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. युद्धाच्या दिवसांत दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी गोडी ठेवावी, असे सरकारचेही धोरण होते, त्यामुळे हॉलिवुडलाही लॅटिन रंगाचे चित्रपट हवेच होते. १९४२ च्या 'यू वेअर नेव्हर लव्हलिअर'मध्ये फ्रेड अॅस्टेअर आणि रीटा हेवर्थ यांच्यामागे कुगातचा ताफा आहे. १९४८ च्या 'अ डेट विथ ज्यूडी'मध्ये तर एक लठ्ठ कुटुंबवत्सल बाप बायकोला चकित करण्यासाठी चोरून रुंबा शिकतो, आणि घरात नाही नाही ते संशय उभे राहतात. रुंबा आता संसारी माणसाच्या दिवाणखान्यात आली होती. त्याच वर्षी निघालेल्या कुगातच्या आत्मचरित्राचे नावही 'रुंबा इज माय लाइफ'.

काँगा आला, त्याने काँगा वाजवला. माम्बो आला, माम्बो वाजवला. चा-चा-चा आला, तोही. साठाच्या दशकात ट्विस्ट आला, तर ट्विस्टच्याही तबकड्या काढल्या. अष्टपैलू म्हणावे तर हा खरा अष्टपैलू. टीकाकारांनी छेडले की तो बिनदिक्कत सांगे: उपाशी राहून बाख वाजवण्यापेक्षा केळ्यांच्या जाहिरातीतले गाणे वाजवून घरी पोहण्याचा तलाव बाळगलेला मला चालेल.

हे वाक्य ऐकून गुरुजी कपाळाला हात लावतील. पण त्यातला प्रामाणिकपणा पाहा. "मी नवी कला निर्माण केली," असे तो म्हणाला नाही. "मी तडजोड केली, आणि तिची मला ही किंमत मिळाली," असे म्हणाला.

आता जमेची दुसरी बाजू. त्याचा ताफा म्हणजे एक धर्मशाळाच होती. डेसी आर्नाझ हा क्यूबन तरुण तीसच्या दशकात त्याच्याकडे उमेदवारी करून बाहेर पडला आणि पुढे दूरचित्रवाणीवर अमेरिकेच्या घरोघरी पोचला. मिगेलितो वाल्देस हा हवानाचा जबरदस्त गायक १९४० मध्ये त्याच्याकडे आला. पुढे माम्बोच्या काळात गाजलेला तितो रोद्रिगेस काही दिवस याच्याच पंक्तीला जेवून गेला. १९४५ साली तरुण फ्रँक सिनात्राने त्याच्या साथीने गाणे मुद्रित केले. म्हणजे व्यंगचित्र पाहायला आलेल्या माणसाला अधूनमधून खरा चेहराही दिसत होता.

आणि खर्चाची बाजू? तीही मांडली पाहिजे. हे संगीत ज्यांच्या घामातून निघाले ते बहुतांशी काळे क्यूबन. न्यू यॉर्कच्या उंची हॉटेलांची दारे गोऱ्या कुगातला जशी सहज उघडली, तशी त्यांना उघडत नव्हती. त्याच शहरात १९४० साली माचितोने आपला 'आफ्रो-क्यूबन्स' हा ताफा उभा केला, आणि पुढच्या वर्षी त्याचा मेहुणा मारियो बाउसा त्याला येऊन मिळाला. बाउसा हवानाच्या संगीतविद्यालयात शिकलेला. या मंडळींनी क्लावे मागे ढकलला नाही. तो मध्ये ठेवला आणि त्याभोवती अमेरिकन जॅझ गुंफला. जाणकार आज त्यांचे नाव आधी घेतात. तलाव कुगातकडे राहिला.

शिवाय, सोपे करणे म्हणजे पातळ करणेच असते, असेही नाही. हवानातच एन्रिके होर्रिन नावाचा चारांगातला एक व्हायोलिनवादक होता. त्याने पाहिले, की हल्लीच्या आडव्या-तिडव्या ठेक्यांत साध्या नाचणाऱ्यांची पावले अडखळतात. त्याने चाल सरळ केली, ठेका पायाला सापडेल असा बसवला. नाचणाऱ्यांच्या तीन झटपट पावलांचा फरशीवर घासताना जो आवाज होई, त्यावरून त्याला नाव पडले चा-चा-चा. 'ला एन्गान्यादोरा' हे त्याचे गाणे १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि सगळे जग त्यावर नाचले. काम कुगातसारखेच: लोकांसाठी सोपे करणे. फरक एवढाच, की होर्रिनने हातातले व्हायोलिन सोडले नाही आणि ज्यांच्यासाठी सोपे केले ते त्याच्याच गल्लीतले लोक होते.

या लाटेचे पाणी आपल्या दारापर्यंतही आले होते. मुंबईच्या हॉटेलांत त्या काळी नाचाचे ताफे असत आणि त्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणी स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात नाचाचे संगीत वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी या वादकांना हाताशी धरून हिंदी गाण्यात रुंबाचे ठेके आणि बोंगो आणले. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या नाचामागे हे रसायन आहे. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्याचा ताफा त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. तेव्हाही 'हे काय पाश्चात्य धांगडधिंगा' म्हणणारे होतेच. पण बोंगोवर लोकांना डोलवणाऱ्या याच अण्णांनी १९६३ साली 'ऐ मेरे वतन के लोगो'ची चाल बांधली. ठेका उसना घेतल्याने त्यांच्या स्वरातला ओलावा आटला नव्हता.

आणखी एक नाव इथे घेतलेच पाहिजे: गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. व्हायोलिनवादक, वाद्यवृंदाची रचना करणारे, प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांचे गुरू. यांनीही चित्रपटासाठी वाजवले, पोट त्यावरच भरले. पण १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर रचलेले सिंफनी पद्धतीचे संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करवले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो प्रयोग पुढे फार चालला नाही. तरीही बाजारात वाजवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनातले संगीत एकदा तरी वाजवून घेतले होते. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात या गुरूंचे नाव आले, आणि ते देशभर पोचले. फक्त ते नाव खऱ्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

कुगातने असे स्वतःसाठी काही केले का? त्याने लग्ने पुष्कळ केली, हे नक्की. एक तर १९६६ साली लास व्हेगासच्या नव्या कोऱ्या सीझर्स पॅलेस हॉटेलात, दिमाखात. तेही पुढे टिकले नाही. १९७१ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर तो स्पेनला परतला. बार्सिलोनात रिट्झ हॉटेलात राहू लागला. आयुष्य हॉटेलांत वाजवण्यात गेले, म्हातारपणही हॉटेलातच गेले. चित्रे मात्र तो शेवटपर्यंत काढत असे. कारूसोने हाती दिलेली पेन्सिल सुटली नाही, आईबापांनी दिलेले व्हायोलिन सुटले. २७ ऑक्टोबर १९९० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला. हायफेट्झने कार्नेगी हॉल गाजवला त्याला त्या दिवशी बरोबर त्र्याहत्तर वर्षे झाली होती. जन्मगावी, जिरोनाला, त्याला पुरले.

तर, पत्र लिहिणारे महाशय, तुमच्या प्रश्नाकडे येतो. विद्या पाण्यात गेली असे समजू नका. कुगातची विद्या पाण्यात गेली नव्हती. त्या गुळगुळीत नाचगाण्यांतही व्हायोलिने सुरेल आहेत, वादकांची शिस्त कडक आहे, आणि ती शिस्त हवानाच्या नाट्यगृहातून आली आहे. लग्नाच्या मांडवात तुमचा मुलगा सुरात वाजवतो, याला गुरुजींची बारा वर्षेच कारण आहेत. हे त्यांना एकदा मुलाने स्वतः जाऊन सांगावे. दिवाळीचा पाडवा त्याला बरा दिवस आहे. सोबत पहिल्या कमाईतले काहीतरी न्यावे.

मात्र एक गोष्ट तुम्ही बाप म्हणून बघावी, असे मला वाटते. ऑर्केस्ट्रात वाजवल्याने हात बिघडत नाही. पहाटे न वाजवल्याने बिघडतो. रात्री कार्यक्रम करून दोन वाजता आलेला मुलगा सकाळी साडेपाचाला उठणार नाही, हे मलाही कळते. नऊला उठेल. पण उठल्यावर तासभर तो दार लावून, कुणी पैसे देणार नाही असे काही वाजवतो का, याकडे कान ठेवा. वाजवत असेल तर तुमचे घर सुखरूप आहे. त्याला रुंबा वाजवू द्या, लावणी वाजवू द्या, कुणाच्या बारशाला वाजवू द्या.

आणि ज्या दिवशी पेटी उघडलीच गेली नाही, त्या दिवशी रागावू नका. चहा घेऊन त्याच्याजवळ बसा आणि काल रात्री काय काय वाजवले, ते विचारा.